हातची कला : साडी न कापता गोधडी, आणि डब्लिनमधला आकाशकंदील

गेल्या अंकात मी जुन्या साड्यांच्या पट्ट्या कापून, त्यांची वेणी घालून पायपुसणी कशी करायची ते लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातलं एक मी चार-पाच वेळा वाचलं. सुरुवात त्याच पत्राने करते.

प्रश्न : बाई, नमस्कार. माझं वय ७१. बार्शीच्या बाजारात हमालीत आयुष्य गेलं. मंडळी जाऊन आठ महिने झाले. तिच्या चौदा साड्या कपाटात आहेत, सगळ्या सहावारी. दोन रेशमी, बाकी सुती. दोन्ही मुली आणि सून म्हणतात, आईची आठवण म्हणून घरात डोळ्यांसमोर राहील असं काहीतरी करून घेऊ. तुमचं पायपुसण्याचं वाचलं. पण तिच्या साडीला कात्री लावायला हात धजत नाही, आणि त्यावर पाय ठेवायचा विचारही नको वाटतो. कापल्याशिवाय काही होईल का? मला पोती शिवता येतात, बाकी शिवण येत नाही.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : दादा, पायपुसण्याचं लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर विरलेल्या, फाटलेल्या साड्या होत्या. माणूस गेल्यावर मागे राहिलेली साडी ही वेगळी गोष्ट आहे, हे तेव्हाच लिहायला हवं होतं. तुमचा हात धजत नाही तर कात्री लावूच नका. तुम्ही गोधडी शिवा. आपल्याकडची जुनी गोधडी अख्ख्या साडीचीच असते. तुकडे जोडतात ते वरच्या नक्षीसाठी किंवा अख्खं कापड नसतं म्हणून. साडी घडी घालून अंथरायची आणि सगळे थर धावदोऱ्याने एकत्र बांधायचे, एवढंच मूळ काम. पुढेमागे कधी वाटलं तर दोरा उसवला की साडी पुन्हा साडी होते.

एका गोधडीला दोन सुती साड्या लागतील. मुली दोन आणि सून एक, म्हणजे सहा. कोणत्या सहा घ्यायच्या ते तुम्ही एकट्याने ठरवू नका, तिघींना बोलवून निवडू द्या. प्रत्येकीला आईची वेगळी साडी आठवत असते.

निवडून झालं की आधी फॉल उसवून काढा. फॉल वेगळ्या कापडाचा असतो, धुण्यात तो साडीपेक्षा कमी-जास्त आटतो आणि गोधडीची कड मुरडते. मग साड्या साध्या पाण्यात दोनदा धुवा, म्हणजे खळ निघून जाईल. खळ राहिली तर सुई अडते आणि कापडाला कसरही लागते. धुण्याने साडीचा वास जाईल, हे आधीच सांगते. त्यासाठी एक साडी न धुता तशीच ठेवा. माझ्या आईची हिरवी इरकल मी अशीच ठेवली आहे.

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब असते. तिच्या लांबीचे तीन भाग केले की एकेक भाग पावणेदोन मीटरच्या थोडा वर येतो. पन्ना सव्वा मीटरच्या आत-बाहेर. म्हणजे एका माणसाच्या अंथरुणाएवढं माप झालं. आतल्या साडीची तीन पदरी घडी घालून बाजूला ठेवा. वरची साडी जमिनीवर पसरा. तिचा नेसायच्या टोकाकडचा तिसरा भाग मधल्या भागावर दुमडा. त्यावर आतल्या साडीची घडी नीट बसवा. सगळ्यात शेवटी पदराचा भाग वरून पांघरा. सहा थर झाले आणि पदर वर आला.

आता लगेच कडेने शिवायला घेऊ नका. आधी मधून बाहेर जात हातभर अंतरावर लांब-लांब कच्चे टाके घाला. हे टाळलं तर कडेने आत येता-येता कापड सरकत जातं आणि शेवटी मध्यावर फुगा राहतो. तो मग कशानेही जात नाही. कच्चे टाके झाले की चारी कडा शिवा, मग दोन बोटं आत दुसरा फेरा, त्याच्या दोन बोटं आत तिसरा, असं करत मध्यापर्यंत या. टाका अर्ध्या इंचाचा पुरे. दाभण मात्र घेऊ नका, सुती कापडाला भोकं पडतील. दुकानात गोधडीची सुई म्हणून लांब सुई मागा आणि जाड सुती दोरा घ्या. दोऱ्यावरून एकदा मेणबत्ती ओढली की गुंता होत नाही. पोत्याचं तोंड शिवणाऱ्या माणसाला टाका सरळ ठेवायला शिकवायची गरज नाही. दोरा किती ओढायचा, एवढंच नवीन. कापड आक्रसेल इतका ओढायचा नाही.

एका गोधडीत साठ मीटरच्या आसपास धावदोरा होईल. रोज दोन मीटर घातला तर महिना लागतो. तिन्हींना तीन महिने. वर्षश्राद्धाला तिघी येतील तेव्हा तयार असतील.

घरात डोळ्यांसमोर राहावी म्हणून ती दिवाणावर पसरता येते, सोफ्याच्या पाठीवर टाकता येते. भिंतीवर लावायची असेल तर वरच्या कडेला मागच्या बाजूने चार बोटं रुंद कापडाची नळी शिवा आणि त्यातून लाकडी दांडा घाला. खिळे थेट गोधडीला मारू नका. भिंत मात्र उन्हाची नसावी, सुती रंग उडतात.

रेशमी दोन साड्यांची गोधडी करू नका. रेशीम सरकतं आणि जरीची तार घडीवर तुटते. त्या सुती पंचात गुंडाळून ठेवा, वर्षातून दोनदा उघडा आणि घडी बदलून पुन्हा ठेवा.

प्रश्न : काकू, आम्ही दोन वर्षांपासून डब्लिनला आहोत. मुलं ८ आणि ११ वर्षांची. गेल्या दिवाळीत ऑनलाइन मागवलेला प्लॅस्टिकचा कंदील लावला, पण मुलांना त्याचं काही वाटलंच नाही. माझे बाबा घरी करायचे तसा पारंपरिक कंदील करायचा आहे. इथे कामट्या मिळत नाहीत, पतंगाचा कागदही नाही. जमेल का?
— एक वाचक, डब्लिन

उत्तर : जमेल, आणि मुलं अगदी योग्य वयाची आहेत. कामट्यांच्या जागी कबाब भाजायच्या बांबूच्या काड्या घे. तीस सेंटिमीटर लांबीच्या तुमच्याकडे कुठल्याही किराणा दुकानात मिळतील. टोकं कापून सगळ्या बरोबर वीस सेंटिमीटरच्या कर. एकूण चोवीस. मोजायचं काम अकरा वर्षांच्या मुलाला दे. एक काडी जरी मिलिमीटरभर लांब राहिली तरी शेवटी कोन जुळत नाही, हे त्याला त्याच्या हाताने कळू दे.

चार-चार काड्यांचे सहा चौकोन कर. कोपरे दोऱ्याने फुलीसारखे बांध, डिंकाने चिकटवू नकोस. दोरा हवा तेवढा सैल करता येतो, चिकटवलेला कोपरा दुसऱ्यांदा चुकायची संधी देत नाही. आता चार चौकोन टोकावर उभे कर, शंकरपाळ्यासारखे, आणि त्यांचे बाजूचे कोपरे एकमेकांना बांधून गोल कर. वर चार कोपरे मोकळे राहतात, त्यांना पाचवा चौकोन बांध. खालच्या चार कोपऱ्यांना सहावा. झाला सांगाडा. उंची अठ्ठावीस सेंटिमीटर भरेल. मधे-मधे आपोआप आठ त्रिकोण तयार झालेले दिसतील.

इथे बहुतेकांचा धीर सुटतो, म्हणून थांबून सांगते. सहाही चौकोन बांधले तरी सांगाडा हातात लचकतो, पिळला जातो. तुमचं काही चुकलेलं नाही. तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही, चार काड्यांचा चौकोन तिरका होतो. म्हणून प्रत्येक चौकोनात कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्हीकडून दोरा ताणून बांध. सहाव्या चौकोनाचा दोरा बांधला की सांगाडा एकदम ताठ होतो. माझ्या वर्गातल्या मुलींना मी आधी लचकणारा सांगाडा हातात द्यायचे, मग दोरे बांधायला लावायचे. भूमितीच्या तासाला जे फळ्यावर राहायचं ते त्यांच्या बोटांत जायचं.

कागदासाठी भेटवस्तू गुंडाळायचा टिश्यू पेपर उत्तम. उभ्या चार चौकोनांना एक रंग, आठ त्रिकोणांना दुसरा. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेव, दिवा घालायला आणि हवा खेळायला. चिकटवायला खळ कर : दोन चमचे मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालव, मग कपभर पाणी घालून मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळ. पुस्तकबांधणीवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. तो विषारी असतो, मुलं हात घालणार आहेत, तर तू घालू नकोस. कागद वाळला की त्यावर पाण्याचा अगदी बारीक फवारा मार. कागद आधी सुरकुततो, तुला वाटेल बिघडलं, पण वाळताना तो ताणला जातो आणि ढोलकीसारखा तडतडीत होतो.

झिरमिळ्या धाकट्याला कापू दे. खालच्या चार काड्यांना एकेक पट्टी, हातभर लांब, कात्रीने उभ्या कातरलेली. वाकड्या झाल्या तर वाकड्याच राहू देत.

दिव्याबद्दल मात्र ऐकच. आमच्या लहानपणी कंदिलात साठ वॅटचा पिवळा दिवा असायचा. एका दिवाळीत आमच्या गॅलरीतला कंदील वाऱ्याने कलला, कागद दिव्याला टेकला आणि काळा पडून पेटला. वडिलांनी हातानेच ओढून विझवला. त्यांच्या तळहातावरचा डाग मी पुढे कित्येक वर्षं पाहिला. आता तीन ते पाच वॅटचा एलईडी भरपूर झाला, पिवळसर उजेडाचा घे. तुमच्याकडच्या पावसात बाहेर टांगू नकोस, रस्त्याकडच्या खिडकीत आतून लाव. नोव्हेंबरात तुमच्याकडे पाचच्या आधीच सूर्य मावळतो. मुलं शाळेतून आल्यावर थोड्याच वेळात लावता येईल.

प्रश्न : ताई, मुलीचं लग्न आहे. स्टेजच्या मागे मोठा पडदा करून त्यावर मी स्वतः वारली चित्र काढणार आहे. मोबाइलवर लग्नाचा चौक पाहिला, फार सुंदर आहे. लग्नच आहे तर तोच काढावा म्हणते. रंग कोणते वापरू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : रंगांचं सांगते, पण आधी चौकाबद्दल. वारली घरात लग्नाचा चौक ही सजावट नसते. सवाशिणी तो भिंतीवर काढतात, त्यात पालघट देवी असते, आणि त्याच्यासमोर विधी होतात. आपल्या लग्नात देवक बसवतात, ते कुणी छान दिसतं म्हणून हॉलच्या पडद्यावर छापलं तर आपल्याला जसं वाटेल, तसंच हे आहे. चौक काढू नका, अशी माझी मनापासून विनंती आहे.

आणि गरजही नाही. वारली चित्रातली सगळी गंमत चौकाबाहेरच्या जगात आहे : भातलावणी, ताडावर चढणारा माणूस, मुंग्यांची रांग, तारपा वाजवणाऱ्याभोवती गोल फिरणारी माणसं. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे यांनी हे चित्र लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांची माशांच्या जाळ्याची चित्रं कुठे पाहायला मिळाली तर जरूर पाहा. हजारो बारीक रेघा, आणि एकही आळसावलेली नाही. ते त्यांचं रोजचं जग काढत होते. तुम्ही तुमचं काढा. मुलगी लोकलने कॉलेजला जायची ना? मग लोकल काढा, फलाट काढा, तलावपाळी काढा, बाजारातल्या भाजीवाल्या काढा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस होतो, हात-पाय काड्यांचे. वरचा त्रिकोण किंचित पुढे कलवला की माणूस चालायला लागतो. एवढं एक साधलं की पुढचं येतं.

रंग : मांजरपाटाच्या पडद्यावर गेरू पाण्यात कालवून लावता येतो, पण नुसता गेरू हाताला लागतो आणि पाहुण्यांच्या कपड्यांवर उतरतो. चार वाट्या गेरूच्या पाण्यात अर्धी वाटी फेविकॉल घाला. पांढऱ्यासाठी मूळ रीत तांदळाच्या पिठाची आणि बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्याची आहे. काडी तुम्ही जरूर वापरा, तिच्यासारखी रेघ ब्रशने येत नाही. पीठ मात्र नको. पडदा घरी ठेवणार असाल तर झुरळं येतील. पांढरा अॅक्रिलिक घ्या. दोन हात उरलेल्या गेरू-कापडावर आधी सराव करा. पडद्यावर पेन्सिलीने आखू नका, आखलेली वारली रेघ मेलेली दिसते.

आणि चौकच हवा असेल, तर डहाणू-जव्हारकडच्या वारली कलाकारांना बोलवा. काय काढायचं, काय नाही, ते त्यांना ठरवू द्या, आणि कामाचे पैसे घासाघीस न करता द्या.

प्रश्न : मी हौसेने सुतळीची वॉलपीस आणि आरशाची चौकट केली. पहिल्याच पावसाळ्यात काळी बुरशी धरली. दोनदा पुसली, पुन्हा येते. आमच्या हवेत काही टिकतं का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : सुतळी म्हणजे ताग. तो ओल पितो आणि सोडत नाही. तुमच्या दारात त्याच्यापेक्षा चांगली वस्तू पडलेली आहे. नारळाची सोडणं महिनोन्‌महिने पाण्यात कुजवूनच काथ्या निघतो, मग त्याला तुमचा पाऊस काय करणार? सुतळीने जे केलंत तेच काथ्याच्या दोरीने करा. ती बोटांना टोचते, म्हणून काम करायच्या आधी रात्रभर भिजवा.

दुसरी वस्तू करवंटी. आतलं खोबरं पूर्ण निघालेली, दोन दिवस उन्हात वाळलेली करवंटी घ्या. बाहेरच्या शेंड्या कानसने काढा, मग पॉलिश पेपर आधी ८० नंबरचा, मग १२०, शेवटी २२०. चौथी-पाचवी करवंटी करेपर्यंत हात दुखतील, पण खालून जो काळपट तपकिरी रंग आणि बारीक ठिपके वर येतात ते कुठल्याही रंगात मिळत नाहीत. खोबरेल तेलाचं बोट फिरवा, झालं. भोक पाडायचं तर तीन डोळ्यांपैकी जो मऊ असतो तिथूनच पाडा, बाकी ठिकाणी तडा जातो. दारात टांगायला दिव्यांची माळ, छोट्या रोपांच्या कुंड्या, पेन ठेवायला डबी, बरंच होतं.

भिंतीवर जे काही लावाल त्याच्या मागे चारी कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाच्या चकत्या चिकटवा, म्हणजे बोटभर हवा खेळेल. निम्मी बुरशी मागच्या बंद ओलीतून येते. आणि माझा खरा सल्ला असा, की कापडाचं, कागदाचं, सुतळीचं सगळं मृग लागायच्या आधी उतरवून कोरड्या डब्यात ठेवा आणि घटस्थापनेला पुन्हा लावा. चार महिने भिंती मोकळ्या राहू देत. नवरात्रात घर नवं दिसेल.

प्रश्न : भाड्याची खोली, मालक खिळा ठोकू देत नाहीत. भिंती बोडक्या वाटतात.
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : दाराच्या आणि खिडकीच्या चौकटीत ताणून बसणारा स्प्रिंगचा दांडा मिळतो. त्याला तोरण, ओढणी, मण्यांच्या माळा, काहीही टांग. चिकटवायचे हूक जपून वापर. ते काढताना रंगाचा पोपडा येतो आणि तेवढ्यावर डिपॉझिट कापल्याचं मी भाचीच्या बाबतीत पाहिलं आहे. नाहीतर पुरुषभर उंचीचा एक जाड बांबू आण, कोपऱ्यात भिंतीला टेकव आणि त्याला सुतळीने फोटो आणि पत्रं अडकव. बांबू खाली सरकू नये म्हणून त्याच्या बुडाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बांध.

प्रश्न : आजीने विणलेलं क्रोशाचं तोरण ट्रंकेत सापडलं. पिवळं पडलंय आणि लोळागोळा झालंय. दारावर लावलं तर खाली लोंबतं, नक्षी दिसतच नाही. आजी आता नाही. कुणाला विचारू?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : आधी उजेडात धरून प्रत्येक खांब, म्हणजे विणीतला उभा टाका, तपास. कुठे साखळी तुटली असेल तर धुवायच्या आधी त्याच जाडीच्या दोऱ्याने बांधून घे, नाहीतर पाण्यात ते उसवत जाईल. ब्लीच अजिबात नको, जुना दोरा तुटतो. रिठे रात्रभर भिजत घाल, सकाळी पाणी गाळून कोमट कर आणि तोरण त्यात दोन तास बुडवून ठेव. चोळू नकोस, पिळू नकोस. पिवळेपणा एका धुण्यात जाणार नाही. दोन-तीनदा कर आणि ओलं असतानाच कोवळ्या उन्हात ठेव. थोडा पिवळा राहिला तर राहू दे.

मग साबुदाण्याची खळ. दोन चमचे साबुदाणा दोन वाट्या पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजव, फडक्यातून गाळ, गार होऊ दे. तोरण त्यात बुडवून दोन तळहातांत दाबून काढ. साखरेच्या पाकात बुडवायची एक रीत आहे, ती करू नकोस, मुंग्या लागतात. जाड टॉवेलवर तोरण पसर आणि नक्षीचं प्रत्येक टोक टाचणीने ओढून लाव. टाचणी स्टीलची घे, लोखंडाची गंजाचा डाग सोडते. ही टाचण्यांची पायरी कंटाळवाणी आहे. माझ्या एका तोरणाला दोनशेच्या वर लागल्या होत्या. पण नक्षी इथेच उघडते. मोर होता की वेल, ते तुला टाचण्या लावतानाच कळेल. आजीने काय विणलं होतं ते मला कळव.